शब्द एक, अर्थ अनेक : मोठ्या संस्थांतील संगणकांचा परस्पर व्यवहार

१. माप आणि मापाचे नाव

भारतात दशमान वजने प्रचारात येण्यापूर्वी ‘मण’ हा शब्द देशाच्या बहुतेक भागांत चालत असे. परंतु मण म्हणजे किती, या प्रश्नाचे उत्तर प्रांतोप्रांती निराळे होते. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा भरे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा होता, तर मद्रासचा मण २५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११.३ किलोग्रॅमचा होता. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीस ‘शंभर मण माल पाठवावा’ असे लिहिले, तर अक्षर सुवाच्य असूनही, आकडा बिनचूक असूनही आणि पत्र वेळेवर पोहोचूनही व्यवहार चुकण्याचा संभव होता. चूक पत्रात नव्हती, टपालातही नव्हती. ती शब्दाच्या अर्थात होती. हा गोंधळ नाहीसा करण्यासाठी भारत सरकारने १९५६ साली वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने अमलात आणली.

संगणकांच्या युगात हाच प्रश्न नव्या रूपाने पुढे आला. ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेने ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नावाचे यान मंगळाकडे पाठविले. त्याच्या लहान अग्निबाणांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पृथ्वीवरील एक आज्ञावली दुसऱ्या आज्ञावलीस पुरवीत असे. आकडे देणारी आज्ञावली पौंड-सेकंद या मापात बोलत होती. घेणारी ते न्यूटन-सेकंद या मापातील आहेत असे धरून चालली होती. या दोन मापांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. महिनोन्‌महिने आकडे जात राहिले, घेतले जात राहिले. कोणत्याही यंत्राने तक्रार केली नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोहोचले, तेव्हा ते सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जाण्याऐवजी सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून गेले, आणि त्याचा आवाज पुन्हा ऐकू आला नाही.

दोन यंत्रांमध्ये तार जोडली, संदेश सुखरूप पोहोचला, म्हणजे संवाद झाला असे नव्हे, हा या घटनेचा धडा आहे. मोठ्या बँका, रेल्वे, विमा-संस्था, कारखाने आणि सरकारी खाती यांच्या पोटात आज शेकडो आज्ञावली एकमेकींशी बोलत असतात. हे बोलणे सुव्यवस्थित कसे करावे, आणि त्यातील शब्दांचा अर्थ यंत्रांनाही कसा कळेल, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. जाळे कसे गुंतत जाते

मोठी संस्था एका दिवसात उभी राहत नाही; तिची संगणक-व्यवस्थाही एका दिवसात उभी राहत नाही. एखाद्या बँकेचे उदाहरण घ्यावे. प्रथम बचत खात्यांचे हिशेब ठेवणारी आज्ञावली येते. काही वर्षांनी कर्जविभाग आपली निराळी आज्ञावली आणतो. पुढे परकी चलन, मुदत ठेवी, कर्मचाऱ्यांचे पगार, एटीएम आणि भ्रमणध्वनीवरील व्यवहार यांसाठी आणखी आज्ञावली येतात. त्या निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या संगणक-भाषांत लिहिलेल्या असतात. प्रत्येक आज्ञावली आपले काम चोख करते. परंतु ग्राहक मात्र एकच असतो. त्याने कर्जाचा हप्ता बचत खात्यातून वळता करण्यास सांगितले, की दोन आज्ञावलींना एकमेकींशी बोलणे भाग पडते.

यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे त्या दोहोंमध्ये एक खास जोडणी करणे. पहिल्या दोन-चार जोडण्यांपर्यंत हा उपाय स्वस्त वाटतो. परंतु गणित निराळेच सांगते. सहा आज्ञावलींपैकी प्रत्येकीला उरलेल्या प्रत्येकीशी जोडावयाचे, तर ६ × ५ ÷ २, म्हणजे १५ जोडण्या लागतात. चाळीस आज्ञावली असल्या तर ४० × ३९ ÷ २, म्हणजे ७८० जोडण्या होतात. व्यवहारात प्रत्येक जोडणीची गरज पडत नाही हे खरे. तथापि संख्या वाढण्याची दिशा हीच असते. शिवाय अशी प्रत्येक जोडणी दोन्ही टोकांच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते. ठेवींच्या आज्ञावलीत ग्राहकाच्या नावाची लांबी तीस अक्षरांवरून पन्नास केली, की तिच्याशी जोडलेल्या दहा ठिकाणी बिघाड होण्याचा धोका उत्पन्न होतो. अखेर कोणी काही बदलण्यास धजत नाही, आणि संस्थेच्या सोयीसाठी आणलेले यंत्र संस्थेलाच बांधून टाकते.

३. सेवा म्हणजे काय

या गुंत्यातून सुटण्यासाठी जी विचारसरणी पुढे आली, तिला सेवाधिष्ठित रचना म्हणतात. ‘सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर’ हे तिचे इंग्रजी नाव १९९६ साली गार्टनर या सल्लागार संस्थेच्या विश्लेषकांनी आपल्या टिपणांत वापरले आणि पुढे ते रूढ झाले. कल्पना मात्र साधी आहे, आणि टपालकचेरीच्या उदाहरणाने ती चटकन ध्यानात येते.

टपालकचेरीच्या खिडकीवर मनीऑर्डरचा छापील नमुना मिळत असे. पैसे पाठविणाराने कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, किती वर्तणावळ भरावयाची आणि त्याबदल्यात कचेरीने कोणते काम करावयाचे, हे ठरलेले असे. खिडकीच्या आत किती कारकून आहेत, थैल्या कोठे ठेवतात, नोंदी कोणत्या वहीत होतात, याच्याशी पाठविणाराला कर्तव्य नसे. आतील सारी व्यवस्था एका रात्रीत बदलली, तरी नमुना तोच असेपर्यंत बाहेरच्या मनुष्याचे काही अडत नसे.

सेवाधिष्ठित रचनेत प्रत्येक आज्ञावली अशा खिडक्या उघडते. ‘खात्याची शिल्लक सांगणे’, ‘रक्कम वळती करणे’, ‘पत्ता बदलणे’ अशी एकेक पूर्ण आणि अर्थपूर्ण कामगिरी म्हणजे एकेक सेवा होय. सेवेचा करार जाहीर असतो. सेवेचे अंतरंग झाकलेले असते. सेवा मागणारा आणि सेवा देणारा यांचा संबंध केवळ कराराच्या द्वारे येतो. त्यामुळे चाळीस आज्ञावलींसाठी शेकडो खास जोडण्या न करता चाळीस सुस्पष्ट करार करावे लागतात. आणि करार पाळला जात आहे तोवर प्रत्येक विभागास आपले घर आतून दुरुस्त करण्याची मोकळीक राहते.

भारतीय वाचकांच्या रोजच्या परिचयाचे याचे उदाहरण म्हणजे यूपीआय ही पैसे देण्याघेण्याची व्यवस्था. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने ११ एप्रिल २०१६ रोजी तिचा प्रायोगिक आरंभ केला. भाजीवाल्याला पैसे देणाराचे खाते एका बँकेत असते आणि भाजीवाल्याचे दुसऱ्या बँकेत. या दोन बँकांची हिशेबाची यंत्रे एकमेकींच्या अंतरंगाविषयी काहीही जाणत नाहीत. मध्यवर्ती व्यवस्था ठराविक नमुन्याचा संदेश पाठविते; देणाराची बँक खात्यातून रक्कम वजा करून तसे कळविते; घेणाराची बँक ती जमा करून तसे कळविते. प्रत्येक संदेशाचा नमुना ठरलेला, प्रत्येकाचे उत्तर ठरलेले. नवी बँक या व्यवस्थेत सामील झाली, तर तिला आधीच्या प्रत्येक बँकेशी निराळी जोडणी करावी लागत नाही. एक करार पाळला की पुरते.

४. करार कसा लिहितात

यंत्रांनी वाचावयाचा करार यंत्रांना समजेल अशाच भाषेत लिहावा लागतो. १९९८ च्या फेब्रुवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या संस्थेने ‘एक्सएमएल’ ही लेखनपद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली. या पद्धतीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याभोवती त्याच्या नावाची खूण घातलेली असते. जणू गोदामातील प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्या आधारे २००० साली ‘सोप’ ही संदेशांच्या लिफाफ्याची पद्धती आणि २००१ साली ‘डब्ल्यूएसडीएल’ ही सेवांचे वर्णन करण्याची भाषा प्रसिद्ध झाली. सेवेचे नाव काय, तिला कोणती माहिती द्यावयाची, ती कोणत्या प्रकारचे उत्तर देते आणि ती कोणत्या पत्त्यावर भेटते, हे या भाषेत लिहिता येते. सेवांची सूची ठेवण्यासाठी २००० साली ‘यूडीडीआय’ ही योजना जाहीर झाली. आणि आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व एसएपी या कंपन्यांनी तिच्या सार्वजनिक सूच्या चालविल्या.

येथवर सर्व सुरळीत झाल्यासारखे दिसते. परंतु मण आणि मंगळयान यांची आठवण येथेच ठेवावी लागते. सेवेच्या वर्णनात ‘उत्तर म्हणून दशांश संख्या मिळेल, तिचे नाव शिल्लक’ असे लिहिले, तर यंत्राला संख्येचा प्रकार कळतो. शिल्लक या शब्दाचा अर्थ कळत नाही.

५. ‘शिल्लक’ या शब्दाची कथा

एका खात्याच्या नावे खातेवहीत १८,००० रुपये जमा दिसत आहेत असे समजावे. त्यांपैकी ५,००० रुपये एका धनादेशाचे असून तो अद्याप वटलेला नाही. आणखी २,००० रुपये एका देण्यापोटी रोखून ठेवलेले आहेत. तेव्हा खातेवहीतील शिल्लक १८,००० रुपये; परंतु खातेदाराला प्रत्यक्ष उचलता येण्याजोगी शिल्लक १८,००० – ५,००० – २,०००, म्हणजे ११,००० रुपयेच आहे.

आता बँकेत दोन सेवा आहेत. हिशेबविभागाची सेवा पहिला आकडा देते, खिडकीवरील व्यवहारांची सेवा दुसरा आकडा देते, आणि दोघींचेही नाव ‘शिल्लक सांगणे’ असेच आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. नवी आज्ञावली लिहिणाऱ्याने सूचीत नाव पाहून पहिली सेवा जोडली. खातेदाराने १२,५०० रुपयांची मागणी केली. यंत्राने १८,००० पाहिले आणि मागणी मान्य केली. दुसऱ्या दिवशी धनादेश न वटता परत आला. उरले ५०० रुपये आणि रोखून ठेवलेले देणे मात्र २,००० रुपयांचे; म्हणजे १,५०० रुपयांची तूट आली. सर्व संदेश व्यवस्थित गेले, सर्व करार अक्षरशः पाळले गेले, आणि तरीही बँकेचे पैसे चुकीच्या हाती पडले. असे खातेदार हजारांनी असले, तर तुटीचा आकडा काय होईल याची कल्पना वाचकाने करावी.

‘ग्राहक’ या शब्दाचीही हीच गत आहे. ठेवविभागाच्या दृष्टीने खातेदार तो ग्राहक. कर्जविभाग कदाचित जामीनदारालाही ग्राहकांतच मोजतो. दोन्ही विभागांना ‘ग्राहक किती?’ असे विचारले, तर दोन उत्तरे येतात. आणि व्यवस्थापकाच्या मेजावर दोन अहवाल पडून खरा कोणता याविषयी वाद सुरू होतो. मोठी संस्था जितकी जुनी आणि जितकी विस्तृत, तितके असे शब्द तिच्यात अधिक. दोन संस्था एकत्र झाल्या, तर त्यांची संख्या एकदम वाढते. १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक विलीन झाल्या. अशा विलीनीकरणात खात्यांच्या नोंदी एकत्र करणे हे काम मोठे असतेच. परंतु कोणत्या नोंदीचा नेमका अर्थ काय, हे आधी ठरविल्यावाचून त्या कामाला हात घालता येत नाही.

६. अर्थवाही जाल

२००१ च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात टिम बर्नर्स-ली, जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. वर्ल्ड वाइड वेबचे जनक बर्नर्स-ली यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्यात ‘सिमँटिक वेब’, म्हणजे अर्थवाही जाल, ही कल्पना मांडली. माणसांनी वाचावयाच्या पानांबरोबरच यंत्रांना ज्याचा अर्थ लावता येईल अशी माहितीही जालावर असावी, हे तिचे सार होय.

या कल्पनेला दोन आधार आहेत. पहिला आधार म्हणजे एका वस्तूला एकच निःसंदिग्ध ओळख. महाराष्ट्रात इंदापूर नावाची गावे पुणे जिल्ह्यातही आहेत आणि रायगड जिल्ह्यातही. केवळ ‘इंदापूर’ असे लिहिलेल्या पाकिटाने टपालखात्याला पेच पडावा हे साहजिक आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन क्रमांक सुरू झाला आणि एकाच नावाची गावे क्रमांकाने वेगळी झाली. त्याचप्रमाणे अर्थवाही जालात प्रत्येक संकल्पनेला जागतिक पत्त्याच्या धर्तीचे एक स्वतंत्र नाव दिलेले असते. त्यामुळे एका संकल्पनेचा दुसरीशी घोटाळा होत नाही.

दुसरा आधार म्हणजे संकल्पनांचे परस्परसंबंध सांगणारा कोश. तत्त्वज्ञानातून घेतलेल्या शब्दाने यास ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात. मराठीत संकल्पनाकोश म्हणता येईल. साध्या शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दांनी सांगितलेला असतो आणि तो समजून घेणारा मनुष्य असतो. संकल्पनाकोशात मात्र ‘मुदत ठेव ही ठेवीचा एक प्रकार आहे’, ‘प्रत्येक खात्यास निदान एक खातेदार असतो’, ‘खातेवहीतील शिल्लक आणि उपलब्ध शिल्लक या संकल्पना परस्परभिन्न आहेत’ अशी विधाने तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत लिहिलेली असतात. अशा विधानांतून यंत्र नवे निष्कर्ष काढू शकते. त्यासाठी ‘आरडीएफ’ ही भाषा १९९९ साली आणि अधिक समर्थ अशी ‘आऊल’ ही भाषा १० फेब्रुवारी २००४ रोजी प्रमाण म्हणून मान्य झाली.

७. अर्थवाही सेवा

सेवाधिष्ठित रचना आणि अर्थवाही जाल या दोन प्रवाहांचा संगम म्हणजे अर्थवाही जाल-सेवा. सेवेच्या करारातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द संकल्पनाकोशातील नेमक्या नोंदीशी जोडावा, इतकीच मूळ सूचना आहे. तिची तीन रूपे विशेष प्रसिद्ध झाली. २००४ च्या नोव्हेंबरात मांडलेल्या ‘आऊल-एस’ या योजनेत सेवेचे वर्णन तीन अंगांनी केले जाते : सेवा काय करते, ती ते कोणत्या क्रमाने करते, आणि तिच्याशी प्रत्यक्ष संपर्क कसा साधावयाचा. २००५ साली मांडलेल्या ‘डब्ल्यूएसएमओ’ या योजनेने चार घटक कल्पिले : संकल्पनाकोश, सेवा, मागणाराचे उद्दिष्ट, आणि न जुळणाऱ्या गोष्टी जुळवून देणारा मध्यस्थ. तिसरे रूप ‘सॉडब्ल्यूएसडीएल’ हे सर्वांत साधे होय. ते २८ ऑगस्ट २००७ रोजी प्रमाण म्हणून मान्य झाले. त्यात चालू असलेला करार मोडावा लागत नाही. त्यातील शब्दांवर कोशाकडे बोट दाखविणाऱ्या खुणा तेवढ्या घालावयाच्या.

शिल्लकेच्या उदाहरणात याचा उपयोग कसा होईल ते पाहण्यासारखे आहे. हिशेबविभागाच्या सेवेवर ‘खातेवहीतील शिल्लक’ ही खूण आहे, दुसऱ्या सेवेवर ‘उपलब्ध शिल्लक’ ही आहे, आणि नव्या आज्ञावलीच्या मागणीवर ‘उपलब्ध शिल्लक हवी’ अशी खूण आहे. दोन्ही सेवांचे नाव एकच असले तरी कोश सांगतो की या संकल्पना भिन्न आहेत. पहिली जोडणी यंत्र तेथेच नाकारते. चूक खातेदाराच्या व्यवहारात उघडी पडण्याऐवजी जोडणीच्या वेळीच उघडी पडते.

संकल्पना तंतोतंत सारख्या नसल्या तरी सेवा चालण्याजोगी असू शकते. मात्र तेथे दिशेचा विचार करावा लागतो. ‘ज्येष्ठ नागरिकांची मुदत ठेव’ ही ‘मुदत ठेव’ या संकल्पनेचा एक प्रकार आहे. एखादी सेवा कोणत्याही मुदत ठेवीवर व्याज काढून देत असेल, तर तिला ज्येष्ठ नागरिकाची ठेव देण्यास हरकत नाही. कारण व्यापक संकल्पनेत ती सामावते. उलट, केवळ ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवी घेणाऱ्या सेवेला कोणतीही ठेव देऊन चालणार नाही. उत्तराच्या बाबतीत हाच नियम उलटा लागतो : मागणाराला ‘मुदत ठेव’ हवी असता सेवेने ‘ज्येष्ठ नागरिकांची मुदत ठेव’ दिली, तर मागणी पुरी होते. थोडक्यात, सेवेने घेताना व्यापक असावे आणि देताना नेमके असावे.

एक मर्यादा मात्र विसरता कामा नये. यंत्र खुणा जुळतात की नाही एवढेच पाहते. खूण खरी आहे की नाही हे ते पाहू शकत नाही. खातेवहीतील शिल्लक देणाऱ्या सेवेवर कोणी चुकून ‘उपलब्ध शिल्लक’ अशी खूण घातली, तर यंत्र निःशंकपणे फसेल. डब्यावरची चिठ्ठी खोटी असेल, तर चिठ्ठी वाचता येण्याने काही साधत नाही.

८. मोठ्या संस्थेने आरंभ कोठे करावा

सर्व जुन्या आज्ञावली एकदम मोडून नव्या बांधाव्या, हा मोह मोठा असतो आणि तो बहुधा महाग पडतो. चालत्या बँकेचे व्यवहार एक दिवसही थांबविता येत नाहीत. यासाठी पुढील क्रम शहाणपणाचा ठरतो.

प्रथम, संस्था कोणती कामे करते याची यादी करावी; कोणती यंत्रे आहेत याची नव्हे. सेवांच्या सीमा कामांवरून ठरतात. दुसरे, जुन्या आज्ञावलीस न दुखविता तिच्याभोवती सेवेचे आवरण घालावे. आवरणाच्या आत वीस वर्षांपूर्वीची आज्ञावली चालत राहते. बाहेरच्यांना मात्र नवा करारच दिसतो. पुढे सवडीने आतील भाग एकेक करून बदलता येतो. तिसरे, संकल्पनाकोश लहानच सुरू करावा. संस्थेतील प्रत्येक शब्दाची व्याख्या करण्याचा संकल्प सोडला, तर ते काम वर्षानुवर्षे पुरे होत नाही. परंतु ज्या वीस-तीस शब्दांवरून आजवर चुका आणि वाद झाले, त्यांच्या व्याख्या त्या त्या विभागांतील जाणत्या माणसांनी एकत्र बसून ठरविल्या, तर निम्मे काम झाले. चौथे, प्रत्येक सेवेला आणि प्रत्येक व्याख्येला जबाबदार असा एक विभाग नेमावा. करार बदलावयाचा असेल, तर नव्या आवृत्तीबरोबर जुनीही ठराविक मुदतीपर्यंत चालू ठेवावी. पाचवे, एकच सेवा अनेकजण वापरू लागले, की ती बंद पडल्याने अनेकांचे काम बंद पडते, हे ध्यानी धरून तिच्या सुरक्षिततेची व अखंडतेची तरतूद आधीच करावी.

या पाचांपैकी केवळ दुसरी गोष्ट यंत्रांची आहे. उरलेल्या चारही माणसांच्या एकमताच्या आहेत, आणि म्हणूनच त्या अधिक अवघड आहेत.

९. आशा आणि प्रत्यय

२००१ च्या सुमारास अशी आशा होती की, यंत्रे स्वतःच जगभरच्या सूचीतून सेवा शोधतील, त्यांची निवड करतील आणि एकीला दुसरी जोडून नवे काम उभे करतील. ही आशा फारशी फळाला आली नाही. यूडीडीआयच्या सार्वजनिक सूच्या २००६ च्या जानेवारीत बंद झाल्या. ‘आऊल-एस’ आणि ‘डब्ल्यूएसएमओ’ यांचा वापर प्रामुख्याने संशोधनापुरता राहिला. याची कारणे समजण्याजोगी आहेत. कोणतीही बँक अनोळखी पेढीशी व्यवहार करण्यापूर्वी तिची पत पाहते, कायदेशीर लेख करते, दर ठरविते. ही कामे खुणा जुळवून होत नाहीत. विस्तृत संकल्पनाकोश तयार करणे आणि तो अद्ययावत ठेवणे यास तज्ज्ञ माणसे लागतात. शिवाय रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात वर्णिलेली ‘रेस्ट’ ही अधिक साधी पद्धती पुढे लोकप्रिय झाली आणि जड लिफाफ्यांच्या ‘सोप’ला बऱ्याच ठिकाणी तिने मागे सारले. २००९ च्या जानेवारीत ॲन थॉमस मेन्स या विश्लेषिकेने सेवाधिष्ठित रचना हे नाव मृत झाले, सेवा मात्र जिवंत आहेत, अशा आशयाचे प्रतिपादन केले. ते बरेचसे खरे ठरले. २०१४ पासून ‘मायक्रोसर्व्हिसेस’ या नावाने जी रचना गाजली, तिच्यातही लहान सेवा आणि स्पष्ट करार हीच तत्त्वे आहेत.

अर्थाचा विचारही नाहीसा झाला नाही. तो अधिक माफक आणि अधिक उपयुक्त रूपात उतरला. २०११ साली मोठ्या शोधयंत्रांनी मिळून ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. वैद्यकात रोग, लक्षणे आणि उपचार यांसाठी ‘स्नोमेड सीटी’ हा विशाल संकल्पनाकोश वापरला जातो. बँकांच्या क्षेत्रात ‘आयएसओ २००२२’ हे मानक आले. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची होय. त्यात संदेशांतील प्रत्येक भागाचा अर्थ सामायिक कोशात नोंदलेला असतो. जुन्या आंतरराष्ट्रीय संदेशात पैसे पाठविणाराचे नाव व पत्ता प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार मोकळ्या ओळींत कोंबता येत असे. त्यातील कोणता शब्द गाव आणि कोणता रस्ता हे यंत्राला ओळखता येत नसे. नव्या मानकात गाव, देश आणि टपाल क्रमांक यांस वेगवेगळे रकाने आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या ऑक्टोबरात आपली मोठ्या रकमांची तात्काळ भरणा-व्यवस्था, म्हणजे आरटीजीएस, या मानकाच्या आधारे नव्याने सुरू केली. देशादेशांतील बँकांच्या देयक-संदेशांत स्विफ्ट या संस्थेने २०२३ च्या मार्चमध्ये हे मानक सुरू केले आणि जुन्या व नव्या नमुन्यांचा एकत्र वापर २०२५ च्या नोव्हेंबरात संपला.

१०. समारोप

मणाचा गोंधळ तराजूने मिटविला नाही. तराजू पूर्वीही अचूकच होते. तो मिटला, कारण देशाने एक माप ठरविले, त्यास कायद्याचा आधार दिला, आणि दुकानादुकानांतून जुनी वजने काढून नवी ठेवण्याचे कष्ट घेतले. संगणकांच्या परस्पर व्यवहाराचीही गोष्ट हीच आहे. सेवाधिष्ठित रचना संस्थेच्या कामांना स्पष्ट दारे देते. अर्थवाही वर्णन त्या दारांवर खऱ्या पाट्या लावते. परंतु पाटीवर काय लिहावयाचे, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते हिशेबनीस, खिडकीवरील कारकून, कर्जाधिकारी आणि आज्ञावलीकार यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागते. जी संस्था हे कष्ट घेते, तिची यंत्रे एकमेकींस समजून घेतात. जी घेत नाही, तिची यंत्रे एकमेकींशी केवळ बोलतात.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पंचवीस आज्ञावलींपैकी प्रत्येकीस उरलेल्या प्रत्येकीशी जोडावयाचे झाल्यास किती जोडण्या लागतील?

२. एका खात्यात ३२,००० रुपये जमा दिसतात. त्यांत ९,००० रुपयांचा न वटलेला धनादेश आहे आणि ४,५०० रुपये रोखून ठेवलेले आहेत. खातेवहीतील शिल्लक व उपलब्ध शिल्लक किती?

३. एका सेवेस ‘वाहन’ चालते आणि दुसरीस केवळ ‘दुचाकी’ चालते. मागणाराजवळ मोटारसायकलीची माहिती आहे, तर तो कोणती सेवा वापरू शकेल? मोटारगाडीची माहिती असल्यास कोणती?

४. शाळा, ग्रंथालय किंवा सहकारी संस्था यांच्या कामकाजात एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात अशी तीन उदाहरणे शोधून प्रत्येकाची नेमकी व्याख्या लिहावी.